आमच्या वाडीत कोण बघायला येतंय?

रत्नागिरीत सीसीटीव्हीचं काम गेल्या काही वर्षांत इतकं वाढलं, त्याला चोऱ्यांपेक्षा चाकरमानी जास्त कारण आहेत. मुलगा ठाण्याला, मुलगी पुण्याला आणि गावच्या घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील; नाहीतर घराला कुलूप, ते गणपतीत आणि मे महिन्यातच उघडायचं. मग अंगणात एक, पडवीत एक, विहिरीकडे एक, बागेच्या गडग्यावर एक असे कॅमेरे लागतात. मुंबईतला माणूस लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर बघतो: आईने तुळशीपुढे दिवा लावला का, सड्यावरून वानर बागेत उतरले का, राखणदार खोपीत आहे का. कॅमेऱ्यात आई दिसली की फोनवरच्या मुलाचा आवाज बदलतो, हे मी अनेकदा ऐकलंय. कोकणातल्या घरांना या यंत्रांनी मोठा धीर दिला आहे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते कॅमेरे काढून टाका असं सांगण्यासाठी नाही.

मी कॅमेरे बसवतो, राउटर लावतो, दुकानांची आणि मिरजोळे एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची नेटवर्कं सांभाळतो. या कामात पासवर्डाचा विषय काढला की एक वाक्य हटकून कानावर येतं. "अरे, आमच्या वाडीत कोण बघायला येतंय?" म्हणणारे काका भोळे नसतात. बाजारभाव, दलाल, कोर्टकचेरी सगळं कोळून प्यालेले असतात. पण रस्ता जिथे संपतो तिथे आपलं घर, एसटी दिवसातून दोनदा येते, मग जगातला कोण कशाला आपल्या घरात डोकावेल, हा त्यांचा हिशेब. रस्त्याच्या बाबतीत तो हिशेब बरोबरच आहे. इंटरनेटच्या बाबतीत तो साफ चुकतो, आणि तो का चुकतो हे सांगण्यासाठीच हा लेख.

बघायला येणारा बहुतेक वेळा माणूस नसतो, प्रोग्राम असतो. त्याला पावस माहीत नाही, पॅरिसही माहीत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जोडणीला आयपी ॲड्रेस असतो. जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही-४चा पत्ता घेतला तर असे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी आकडे होतात. ऐकायला प्रचंड वाटतं. पण २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन तयार केलं आणि एका साध्या संगणकावरून, वेगवान जोडणी वापरून, हे सगळेच्या सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत तपासून दाखवले. त्याआधी २००९ पासून शोडान नावाचं शोधयंत्र चालू आहेच. गूगल पानं शोधतं, शोडान यंत्रं शोधतं: कॅमेरे, राउटर, प्रिंटर, कारखान्यातले कंट्रोलर. ही साधनं संशोधकांनी चांगल्या हेतूने केली, मीही माझ्या गिऱ्हाइकाचं काय उघडं पडलंय ते शोडानवरच बघतो. पण तीच माहिती वाईट हेतूच्या माणसालाही मिळते. जगातला प्रत्येक पत्ता पाऊण तासात तपासून होत असेल, तर त्यात आपल्या वाडीतला पत्ता सुटेल कसा?

हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगून पटत नाही, म्हणून मी लॉग दाखवतो. मिरजोळ्याला एका युनिटला नवीन स्टॅटिक आयपी मिळाला तेव्हाची गोष्ट. पत्ता चालू झाला, राउटर लावला, अजून एकही कॅमेरा जोडलेला नव्हता. मालक चहा सांगायला गेले. ते परत येईपर्यंत राउटरच्या फायरवॉलच्या लॉगमध्ये ओळी पडायला लागल्या होत्या. पोर्ट म्हणजे पत्त्यामागची क्रमांक दिलेली दारं. पोर्ट २३ वर चौकशी: टेलनेट चालू आहे का? पोर्ट ४४५: विंडोजचं शेअरिंग उघडं आहे का? ३३८९: रिमोट डेस्कटॉप? ८००० आणि ३७७७७: हे दोन पोर्ट कॅमेऱ्यांच्या बड्या कंपन्यांचे डीव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे) वापरतात, म्हणजे विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय ते उघड आहे. प्रत्येक ओळीपुढे वेगळ्याच देशातला पत्ता. चहा गार होईपर्यंत मालक त्या ओळी बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही तर अजून पाटीसुद्धा लावली नाही." त्यानंतर पासवर्डावरून त्यांनी माझ्याशी कधी वाद घातला नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावरून फार गोंधळ आहे. आयपी ॲड्रेस दिसणं हा मूळ धोका नाही. तो दिसणारच. तुम्ही जी साइट उघडता तिला तो कळल्याशिवाय उत्तर परत येणार कसं? शिवाय आज घरगुती फायबरवर बहुतेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात, कारण आयपीव्ही-४चे पत्ते संपले आहेत. आशियाच्या वाट्याचा साठा २०११च्या एप्रिलमध्येच तळाला गेला होता. धोका आहे तो त्या पत्त्यामागे काय उघडं ठेवलंय याचा. डीव्हीआर बाहेरून दिसावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतात, ते म्हणजे पुढीलदाराला भक्कम कुलूप घालून मागीलदाराची कडी काढून ठेवणं. आणि अनेक ठिकाणी ते घरमालकाला ठाऊकही नसतं. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय असते. ती चालू असली की डीव्हीआर स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेतो, कोणालाही न विचारता.

अशा उघड्या यंत्रांचं काय होतं ते जगाने २०१६ साली बघितलं. मिराई नावाचा मालवेअर अमेरिकेतल्या तीन तरुणांनी लिहिला होता. तो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधायचा आणि कारखान्यातून येतात तसे साठेक ठरलेले यूजरनेम-पासवर्ड लावून बघायचा. ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५, असले. त्यात कुठलीही हुशारी नव्हती, तरी लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच यंत्रांच्या फौजेने, साइटचं नाव तिच्या पत्त्याशी जुळवून देणाऱ्या डिन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोसळल्या. कुणाच्या तरी दुकानातला डीव्हीआर त्या हल्ल्यात सामील होता आणि दुकानदाराला त्याचा पत्ताही नव्हता. कॅमेरा चालू, रेकॉर्डिंग चालू, फक्त नेट थोडं मंद. आजही "नेट स्लो आहे" म्हणून फोन येतो तेव्हा मी आधी डीव्हीआर नेटवरून काढून बघतो.

आपल्याकडचं उदाहरण २०१७च्या जुलैतलं. देशभरातले बीएसएनएलचे हजारो ब्रॉडबँड मोडेम एका मालवेअरने बंद पाडले, आणि फटका बसला तो मूळचा ॲडमिन हाच पासवर्ड न बदललेल्यांना. बीएसएनएलने तेव्हा ग्राहकांना पासवर्ड बदलायचं आवाहन केलं होतं. इतक्या वर्षांनी, मी आजही कुठल्याही घरात गेलो आणि राउटरच्या पानावर ॲडमिन-ॲडमिन टाकलं, तर ते पान उघडण्याची शक्यता न उघडण्यापेक्षा जास्त असते.

याला कोकणात एक खास कारण आहे, ते शहरातल्या तज्ज्ञांच्या सल्ल्यात सापडायचं नाही. आमच्याकडे विजा पडतात. मेच्या अखेरीला वळीव आला, किंवा ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडला, की दुसऱ्या दिवशी माझा फोन सकाळी सहापासून वाजतो. राउटर जळला, फायबरच्या डब्याचा लाल दिवा गेला नाही, डीव्हीआर चालूच होत नाही. मुंबईहून फोन: "आईचं नेट आजच्या आज चालू करा." त्या घाईत केबलवाला नवीन डबा लावतो, नेट चालू झालं की निघतो. त्याला पुढे आणखी बरीच घरं असतात, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण नव्या डब्याबरोबर मूळचा पासवर्ड परत आलेला असतो. गेल्या वर्षी मालकाने मोठ्या काळजीने बदललेलं सगळं एका विजेत पुसलं जातं. वीज गेली-आली आणि नेट बंद पडलं की घरातलं कुणीतरी टाचणीने रिसेटचं बटण दाबतं, त्यानेही तेच होतं. म्हणून रत्नागिरीत राउटर एकदा नीट केला की झालं, असं नसतं. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा बघावंच लागतं. जिथे मी वर्षाचा देखभालीचा करार करतो तिथे हे कागदावर लिहून घेतो.

पासवर्ड कडक ठेवला म्हणजे संपलं, असंही नाही. २०२१च्या सप्टेंबरात हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलांमध्ये अशी फट जाहीर झाली की पोर्ट बाहेरून दिसत असेल तर पासवर्ड न टाकताच यंत्राचा पूर्ण ताबा घेता येत होता. कंपनीने दुरुस्त केलेलं फर्मवेअर दिलं. पण गडग्यावरच्या कॅमेऱ्यात ते चढवणार कोण? मोबाइल स्वतःहून अपडेट मागतो, डीव्हीआर माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. म्हणून माझं मत आता पक्कं आहे: घरच्या कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडूच नये. कंपनीच्या ॲपमधून, क्यूआर कोड स्कॅन करून जोडणी होते, त्यात राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. त्या सोयीतही धोका आहेच, कारण तिथे सगळी मदार एका खात्यावर येते, आणि ते खातं घरातले सहा जण, एक भाचा आणि दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला राखणदार असे सगळे वापरत असतात. प्रत्येकाला वेगळं शेअरिंग द्यायची सोय ॲपमध्ये असते. माणूस गेला की त्याचं शेअरिंग काढायचं, ओटीपीची दुसरी पायरी चालू करायची. एवढं केलं की पुष्कळ झालं.

आता जे सांगायचंय ते लिहिताना मला त्रास होतो. २०२५च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या सीसीटीव्हीच्या क्लिप इंटरनेटवर विकल्या जात असल्याचं उघडकीला आलं. तपासणीच्या खोलीतल्या बायका त्यात होत्या. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी जे आरोपी पकडले त्यांत आपल्या लातूरचे आणि सांगलीचे तरुण होते. पुढे तपासात दिसलं की हा प्रकार एका रुग्णालयापुरता नव्हता, देशभरातल्या कॅमेऱ्यांमधून हजारो क्लिप काढल्या गेल्या होत्या, आणि त्या रुग्णालयाच्या यंत्रणेचा पासवर्ड होता ॲडमिन१२३. ही बातमी आली त्या आठवड्यात मी माझ्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला फोन केला.

कारण कोकणातल्या घरात कॅमेऱ्यासमोर काय असतं ते मला माहीत आहे. अंगणात बायका आमसुलं वाळत घालतात, आंब्याची साटं उलटतात, केस सोडून उन्हात बसतात. विहिरीवर पाणी काढतात. न्हाणी बहुतेक जुन्या घरांत मागच्या अंगाला, परड्यात असते. "मागच्या बाजूने चोर येतात, तिकडे एक लावा," असं मालक मुंबईहून सांगतात, आणि त्या कॅमेऱ्याच्या चौकटीत न्हाणीची वाट येते. अशा जागी मी कॅमेरा लावत नाही. गडग्याकडे तोंड करून लावतो, तेवढ्याने चोरही दिसतो. घरात आत, माजघरात किंवा आजारी माणसाच्या खोलीत कॅमेरा हवाच असेल तर आधी त्या घरातल्या बाईला विचारतो. मुंबईच्या मुलाचा होकार मला पुरत नाही. एका आजींनी मला थेट विचारलं होतं, "हा डोळा माझ्या लेकालाच दिसतो ना रे बाळा?" या प्रश्नाचं उत्तर खात्रीने देता आलं पाहिजे, नाहीतर हा धंदा करू नये.

आणि आमच्या धंद्यातली एक वाईट खोड इथेच सांगतो, कारण ती गिऱ्हाइकाला कळत नाही. पुष्कळ कॅमेरेवाले सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवतात. लक्षात ठेवायला सोपं, कारागीर बदलला तरी अडत नाही. त्याचा अर्थ असा की एक पासवर्ड फुटला की गावातली सगळी घरं फुटली. २०२५ पासून सरकारने नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी सक्तीची केली आहे, ते चांगलंच झालं. पण आधी बसलेले कॅमेरे तसेच आहेत, आणि एकच पासवर्ड सगळीकडे टाकणाऱ्या हाताला कुठलीही तपासणी अडवत नाही.

घरांपेक्षा मोठं आर्थिक नुकसान मी पाहिलं ते कारखान्यात. आंब्याचा सीझन, कॅनिंगचा जोर, रोज पहाटेपर्यंत रायवळ आणि कॅनिंगचा हापूस घेऊन टेम्पो येतात. अशा दिवसांत एका युनिटमधून सकाळी फोन आला: टॅली उघडत नाही. जाऊन बघितलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक अनोळखी शेपूट लागलेलं, आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी, बिटकॉइनमध्ये पैसे द्या. बॅकअप घेतलेला होता, पण ती हार्डडिस्क त्याच संगणकाला कायमची लावलेली, म्हणून तीही गेली.

आत कसे शिरले ते शोधायला फार वेळ लागला नाही. लॉकडाऊनमध्ये अकाउंटंटला घरून टॅली बघता यावी म्हणून कुणीतरी राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट उघडून दिला होता. लॉकडाऊन संपला, पोर्ट तसाच राहिला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे फसलेले लॉगिन, पान खाली सरकवत गेलं तरी संपत नव्हत्या. दर मिनिटाला अनेक. नावं बघा: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, यूजर, अकाउंट्स, टॅली, बॅकअप. कुणी माणूस बसून हे टाइप करत नव्हता. प्रोग्राम रात्रंदिवस एकेक जोडी लावून बघत होता. आणि मग रात्री पावणेतीनच्या सुमाराला एकच ४६२४, यशस्वी लॉगिन. यूजर अकाउंट्स, पासवर्ड कारखान्याचं नाव आणि पुढे १२३. त्यानंतर तासाभरात सगळं संपलेलं.

मालकांनी पैसे दिले नाहीत, आणि मीही तेच सांगितलं होतं. दिले तरी फायली परत मिळतील याची हमी कोण देणार? हिशेब पुन्हा उभा करावा लागला. जीएसटी पोर्टलवरून खरेदीची माहिती उतरवली, बँकेची स्टेटमेंटं काढली, विक्रीची छापील बिलं होती. अडलं ते बागायतदारांच्या कच्च्या पावत्यांवर, कुणाचे किती क्रेट आले आणि किती उचल दिली यावर. तिथे वजनकाट्यावरच्या बाईंची वही उपयोगी पडली. त्या रोज रात्री हाताने सगळं लिहून ठेवायच्या, संगणक आल्यावरही त्यांनी ती सवय सोडली नव्हती. त्या वहीवरून बागायतदारांचे पैसे चुकते झाले. आता तिथे दोन डिस्क आहेत, एक लावलेली आणि एक कपाटात, दर शनिवारी बदलायची. पोर्ट बंद आहे. बाहेरून काम करायचं तर राउटरवरच्या व्हीपीएनमधून आत यायचं, किंवा टॅलीची स्वतःची रिमोट सोय वापरायची.

लहान कारखान्यांचंच हे दुखणं आहे असं समजू नये. २१ मार्च २०२१ ला खुद्द एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि मुख्यालयापासून प्रादेशिक कार्यालयांपर्यंत ऑनलाइन कामकाज थांबलं. राज्यभरातल्या उद्योजकांची कामं त्यात अडकली होती.

आता याच्या उलट बाजूचं. आयपी ॲड्रेस हा शब्द अलीकडे लोकांना घाबरवण्यासाठीही वापरला जातो. माझ्या एका गिऱ्हाइकाला, निवृत्त शिक्षकांना, व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसी वेशातला माणूस, मागे अशोकस्तंभ. "तुमच्या आयपी ॲड्रेसवरून घाणेरडे व्हिडिओ गेलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका." गुरुजींनी दुसऱ्या फोनवरून मला विचारलं, "आपल्या राउटरवरून असं काही गेलंय का रे?" मी म्हटलं, "गुरुजी, आधी तो फोन ठेवा." डिजिटल अरेस्ट असला प्रकार आपल्या कायद्यात कुठेही नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधूनही हे सांगितलं. बाहेरच्या माणसाला तुमच्या आयपीवरून फार तर इंटरनेट कंपनी आणि ढोबळ शहर कळतं, तेही अनेकदा चुकीचं. रत्नागिरीतल्या जोडण्या मुंबई-पुण्याच्या म्हणून दिसतात. अमुक वेळी तो पत्ता कुणाच्या घरी होता हे फक्त कंपनीकडे असतं, आणि ते पोलीस रीतसर मागून घेतात.

पण तिथेही चुका होतात, आणि त्या माणसाला भोगाव्या लागतात. २००७च्या ऑगस्टअखेर बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला पुणे पोलिसांनी पकडून आणलं. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर टाकल्याचा आरोप होता. पुरावा होता आयपी ॲड्रेस. इंटरनेट कंपनीने त्या पत्त्यासाठी जे नाव दिलं तेच चुकीचं होतं. तो निरपराध माणूस पन्नास दिवस तुरुंगात राहिला. पत्ता बदलत असतो, म्हणून नुसता आकडा पुरत नाही. नेमकी तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि आज एकच पत्ता अनेक घरांत वाटला जात असताना पोर्टचा क्रमांकही लागतो. आयपी ॲड्रेस म्हणजे जोडणी, माणूस नव्हे. हे तपास करणाऱ्यांनी, वकिलांनी आणि बातम्या देणाऱ्यांनी कायम लक्षात ठेवायला हवं.

दुसरी घटना २००८ची, नवी मुंबईतली. २६ जुलैला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला. आयपीचा माग काढत पोलीस पोचले सानपाड्यात, एका अमेरिकन गृहस्थाच्या फ्लॅटवर. त्याचं वायफाय उघडं होतं, दहशतवाद्यांनी ते वापरलं होतं. पुढच्या महिन्यातला ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, सप्टेंबरातला चेंबूरच्या एका कंपनीच्या. त्यानंतर २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी रस्त्यावर फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीम काढली.

हे मी गणपतीपुळे, मालगुंड, आरे-वारे भागातल्या घरगुती निवासवाल्यांना मुद्दाम सांगतो. पाहुण्यांसाठी वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो, वर्षानुवर्षं तोच. शनिवारी आलेला पाहुणा रविवारी जातो, पण पासवर्ड त्याच्याकडे राहतो, आणि गाडी रस्त्यावर उभी करूनही तो जोडला जाऊ शकतो. जोडणी तुमच्या नावावर आहे. त्याच नेटवर्कवर तुमचा डीव्हीआर आणि बुकिंगचा संगणक आहे. आजच्या जवळपास प्रत्येक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करता येतं; पासवर्ड दर महिन्याला बदला आणि पाहुण्यांची नोंदवही नीट ठेवा. आयपीचा माग उद्या तुमच्या दारात आला तर ती वहीच तुमच्या बाजूने बोलेल.

व्हीपीएनच्या जाहिराती सध्या सगळीकडे दिसतात: आयपी लपवा, सुरक्षित राहा. एसटी स्टँडवर किंवा हॉटेलात परक्या वायफायवर बसला असाल तर त्याचा उपयोग आहे. पण मोबाइलवर व्हीपीएन चालू केल्याने माळ्यावरच्या डीव्हीआरचा पोर्ट बंद होत नाही, आणि तुम्ही स्वतः सांगितलेला ओटीपी परत येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. फुकट व्हीपीएन तर मी कुणालाच सुचवत नाही. ज्यांना आपला ठावठिकाणा एखाद्या विशिष्ट माणसापासून लपवायची खरोखर गरज आहे, उदाहरणार्थ छळणाऱ्या नवऱ्यापासून दूर राहणारी बाई, त्यांनी व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमधल्या ॲडव्हान्स्ड भागात जाऊन कॉलमध्ये आयपी ॲड्रेस सुरक्षित ठेवायचा पर्याय चालू करावा. २०२३च्या अखेरीला ही सोय आली. एरवी थेट कॉलमध्ये समोरच्याला तुमचा आयपी काढता येतो.

माझ्या धंद्यातल्या मित्रांना एक विनंती. काम संपवून निघताना पासवर्ड मालकाकडून त्याच्याच हाताने टाकून घ्या आणि त्याच्याच वहीत लिहायला सांगा. यूपीएनपी बंद करा, फर्मवेअर चढवा. बिलात दोनशे रुपये जास्त लावा हवं तर, पण हे करा.

आणि मुंबई-पुण्याहून गावचं घर मोबाइलवर बघणाऱ्यांना: येत्या गणपतीत घरी जाल तेव्हा कॅमेरेवाल्याला अर्धा तास बोलावून राउटरचं पान तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला सांगा. पोर्ट फॉरवर्डिंगची यादी रिकामी आहे का ते बघा, नसेल तर प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते विचारा. पैशांची फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० ला फोन करा. पहिल्या तासात केलेल्या फोनने पैसे अडवले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. हा नंबर आईवडिलांच्या फोनशेजारी, भिंतीवर, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.